सातमाळा ट्रेकच्या मागे-पुढे नाशिक पाहायचे आहे? मग दिवस असे लावा

अचल्यापासून चांदवडपर्यंत नाशिक जिल्ह्यातली सातमाळा ही किल्ल्यांची रांग चालायला बाहेरगावाहून येणारे गट ट्रेकची आखणी अगदी बारकाईने करतात. कुठल्या टाक्यात पाणी आहे, मुक्काम गुहेत की गावात, वाटाड्या कुठून घ्यायचा, सगळे वहीत उतरवलेले असते. मागे-पुढे उरलेल्या दिवसांपुढे मात्र एकच ओळ असते: ‘नाशिक बघून घेऊ.’ तिथेच बिघडते. आल्या दिवशी त्र्यंबकचा ब्रह्मगिरी डोंगर चढून पोटऱ्या धरतात आणि दुसऱ्या दिवशी अचल्याच्या चढाला त्याची भरपाई करावी लागते. किंवा ट्रेक एक दिवस लांबतो आणि पुढची खोली, गाडी, तिकीट हे सगळे एकामागून एक हातचे जाते. किंवा पायाला फोड आलेले असताना त्र्यंबकच्या रांगेत तीन-चार तास अनवाणी उभे राहावे लागते.

हा लेख फक्त त्या मोकळ्या दिवसांसाठी आहे. उदाहरण सातमाळ्याचे घेतले आहे, कारण त्याची सुरुवात आणि शेवट वेगवेगळ्या रस्त्यांवर आहेत आणि गोंधळ त्यामुळेच जास्त होतो. साल्हेर-मुल्हेर करणाऱ्यांनी चांदवडच्या जागी ताहाराबाद-सटाणा धरावे. क्रम तोच राहतो.

## १. आधी रजा मोजा, मग ‘मोकळे’ दिवस

दोन शनिवार-रविवार धरून नऊ दिवस मिळाले की मनात हिशोब होतो: सहा दिवस ट्रेक, तीन दिवस फिरणे. हा हिशोब चुकीचा आहे. कागदावर असा मांडा:

- पहिला दिवस: प्रवास आणि नाशिक मुक्काम
- दुसरा ते सातवा: चाल
- आठवा: राखीव
- नववा: परतीचा प्रवास

म्हणजे हातात राहतो पहिल्या दिवसाचा उरलेला अर्धा भाग आणि नवव्या दिवशी निघण्याआधीची सकाळ. राखीव दिवस वापरला गेला नाही तरच तो फिरायला मिळतो. निवांत दोन दिवस पाहिजेतच असतील तर दोन मार्ग आहेत. रजा अकरा दिवसांची करा, नाहीतर चाल कमी करा. चाल कमी करायची तर अचला-अहिवंत-मोहनदरी हा पश्चिमेचा भाग सोडून नांदुरीहून सुरुवात करणे सगळ्यात सोपे. साखळी न तुटता दोनेक दिवस वाचतात. मधलेच किल्ले गाळून ‘जीपने पुढे जाऊ’ असे ठरवू नका. मधल्या गावांत वेळेवर जीप मिळेलच असे नाही आणि वाचवलेला वेळ वाट पाहण्यात जातो.

तपासा: तुमच्या यादीत प्रवासाचा दिवस ‘फिरण्याचा दिवस’ म्हणून मोजला गेला आहे का? असेल तर पुढे जाण्याआधी यादी पुन्हा लिहा.

## २. चालण्याची दिशा फिरण्याच्या सोयीने ठरवा

दोन्ही दिशांनी रांग चालता येते. ट्रेकनंतर फिरायचे असेल तर पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे वणीकडून चांदवडकडे चाला. याची तीन कारणे आहेत.

पहिले, चांदवड मुंबई-आग्रा महामार्गावर आहे. नाशिक तिथून सुमारे ६५ किलोमीटर आणि मनमाड जंक्शन २५ किलोमीटरच्या आसपास. संध्याकाळी उशिरा उतरलात तरी एसटी किंवा दुसरे काही वाहन मिळते. उलट बाजूने चाललात तर शेवट दगडपिंपरी-वणीकडे होतो. तिथे शेवटची एसटी चुकली की मुक्काम ठरलेला.

दुसरे, येवला, नांदूर मध्यमेश्वर आणि मनमाड ही सपाटीवरची, थकल्या पायांना झेपणारी ठिकाणे पूर्वेला आहेत. त्र्यंबक, अंजनेरी, हरिहर ही चढणीची ठिकाणे पश्चिमेला. ट्रेक संपतो तिथून सोपे तेच जवळ असावे.

तिसरे कारण छोटे आहे, पण सहा दिवस रोज जाणवते. पूर्वेकडे चालताना दुपारनंतरचे ऊन पाठीवर पडते, डोळ्यांवर येत नाही.

सावध: स्वतःची गाडी घेऊन येणारे ती वणीला किंवा पायथ्याच्या गावात लावतात आणि ट्रेक संपल्यावर ती आणायला चांदवडहून परत सगळे अंतर कापतात. अख्खा दिवस त्यात जातो. गाडी नाशिकलाच ठेवा आणि वणीपर्यंत एसटीने जा. सोबत ड्रायव्हर असेल तर त्याला शेवटच्या दिवशी थेट चांदवडला बोलवा.

## ३. राखीव दिवस वेगळा ठेवा आणि तो शेवटीच ठेवा

माझ्या मते सगळ्या आखणीत हीच पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि लोक तिच्याकडेच दुर्लक्ष करतात. राखीव दिवस आणि फिरण्याचा दिवस हे एक नव्हेत. ट्रेक लांबला, कुणाचा पाय मुरगळला, धुक्यात वाट चुकून रावळ्या-जावळ्याच्या पठारावर एक रात्र जास्त काढावी लागली, तर खर्च करायचा तो राखीव दिवस. त्यावर काहीही बुक करायचे नाही. ना खोली, ना गाडी, ना कुणाला दिलेला भेटीचा शब्द.

हा दिवस ट्रेकच्या आधी ठेवून उपयोग नाही. पुढे लागणारा वेळ आधीच खर्च होतो. ट्रेकच्या मध्ये ठेवला तर गट रेंगाळतो. पहिले दोन दिवस जरा कमी चाललो तरी चालेल, असे सगळ्यांनाच वाटू लागते आणि खरी गरज धोडपच्या पुढे पडते तेव्हा दिवस संपलेला असतो. म्हणून तो चांदवडला उतरण्याच्या दिवसाला लागून पुढचा.

राखीव दिवसाबरोबर बाहेर पडण्याच्या जागाही लिहून ठेवा. या रांगेत त्या चांगल्या आहेत:

- नांदुरी: नाशिक-कळवण रस्ता
- मुळाणबारी: मार्कंड्या आणि रावळ्या-जावळ्याच्या मधली खिंड
- हट्टी: धोडपचा पायथा. इथून धोडांबेमार्गे वडाळीभोईला महामार्ग लागतो
- राजदेरवाडी: इथून चांदवड जवळ

तपासा: घरच्यांना दिलेल्या कागदावर ही चार नावे आहेत का? दऱ्यांत फोन लागत नाही. एक दिवस निरोप आला नाही की घरचे घाबरतात. ‘अमुक तारखेच्या रात्रीपर्यंत फोन आला नाही तरच काळजी करा,’ असे सांगून निघा आणि ती तारीख राखीव दिवस धरून द्या.

## ४. पंचांग आणि वार पाहा

ट्रेकचा हंगाम लोक हवामान पाहून ठरवतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ठीकच. मार्चपासून टाकी आटतात, गवत वाळते, वणवे लागतात. पण नाशिकमध्ये फिरायचे तर हवामानाइतकेच पंचांगही पाहावे लागते. हे देवस्थानांचे गाव आहे. एका तिथीने खोल्यांचे भाव, रस्ते आणि रांगा सगळे बदलते.

सप्तशृंगगडावर नवरात्रात, कोजागरीला आणि रामनवमी ते चैत्र पौर्णिमा या चैत्रोत्सवात प्रचंड गर्दी असते. त्या दिवसांत खासगी वाहने नांदुरीलाच थांबवतात आणि पुढे एसटीने जावे लागते. तुमची वाट गडावरून जाते, त्यामुळे तारखा इथेच आधी तपासा.

मार्कंड्यावर सोमवती अमावास्येला स्नानासाठी लोक येतात. एरवी निर्मनुष्य असलेली वाट त्या दिवशी भरून वाहते.

त्र्यंबकेश्वरला सोमवार टाळा आणि श्रावणातला सोमवार तर विचारातही घेऊ नका. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांची यात्रा असते. राज्यभरातून दिंड्या येतात. ही तिथी बहुधा जानेवारीत, कधी फेब्रुवारीत पडते, म्हणजे ऐन ट्रेकच्या हंगामात. यात्राच पाहायची असेल तर जरूर जा, पण मग तो दिवस पूर्ण तिचाच ठेवा.

सिंहस्थ कुंभमेळ्याची अमृतस्नाने २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत. ते पावसाळ्याचे दिवस, ट्रेकचे नव्हेत. पण त्या निमित्ताने रस्त्यांची आणि घाटांची कामे आधीपासून चालतात. शहरात एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला मनात धरलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ ठेवा.

बुधवार हाती लागला तर गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार बघा. वाळवण, मसाले, भाजीपाला, घोंगड्या-चादरी असे सगळे एका जागी दिसते आणि चढायचे काहीच नाही. फक्त त्या दिवशी घाटापर्यंत गाडी नेण्याचा हट्ट धरू नका.

## ५. बुकिंगचा क्रम: आधी परतीचे तिकीट, खोली सर्वांत शेवटी

रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते. येण्याचे आणि परतीचे तिकीट तेव्हाच काढा. परतीचे तिकीट राखीव दिवसाच्या नंतरच्या तारखेचे. एवढे केले की ट्रेक लांबला तरी घाई होत नाही. ‘शेवटच्या दिवशी दुपारी उतरू आणि रात्रीची गाडी पकडू’ हे वाक्य आखणीत दिसले की खोडून टाका. इंद्राईवरून उतरताना घड्याळाकडे बघावे लागणे हेच घोटे मुरगळण्याचे मोठे कारण आहे.

मग ट्रेकच्या आधीच्या एका रात्रीची नाशिकची खोली. ट्रेकनंतरची खोली आगाऊ पैसे भरून घेऊ नका. उतरण्याच्या आदल्या संध्याकाळी राजदेरवाडीच्या आसपास फोन लागला की तेव्हा ठरवा. आडवारी, यात्रा नसताना, चांदवड आणि नाशिक दोन्हीकडे लॉज मिळतो. लग्नसराईचे शनिवार-रविवार मात्र अपवाद आहेत.

भाड्याची गाडी लागणार असेल तर आधी फक्त बोलून ठेवा: ‘या दोन दिवसांपैकी एक दिवस लागेल, आदल्या रात्री सांगतो.’ बहुतेक गाडीवाले याला तयार होतात. स्पष्ट सांगितलेले त्यांनाही बरे पडते.

नाशिकरोड स्टेशन आणि नाशिक गाव यांत नऊ-दहा किलोमीटरचे अंतर आहे, हेही ध्यानात ठेवा. स्टेशनजवळ खोली घेऊन पहाटे वणीची एसटी पकडायचा बेत केलात तर अंधारात रिक्षा शोधत बसावे लागेल. खोली सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या, आसपास घ्या. जुने सीबीएस, ठक्कर बाजार आणि मुंबई नाक्याचे महामार्ग स्थानक ही वेगवेगळी बसस्थानके आहेत. तुमची गाडी कुठून सुटते ते आदल्या संध्याकाळी स्वतः जाऊन चौकशी खिडकीवर विचारा, फलकावरचे वेळापत्रक पाहून गप्प बसू नका.

## ६. जास्तीचे सामान कुठे ठेवणार?

फिरायचे म्हणजे चांगले कपडे, चपला, चार्जर, कधी नातेवाइकांसाठी आणलेले डबे. हे पाठीवर घेऊन धोडप चढायचा नाही. तीन पर्याय आहेत आणि निवड दुसऱ्या पायरीवर अवलंबून आहे.

नाशिकचा लॉज: परत नाशिकलाच येणार असाल तर सर्वांत सोपे. मालकाला तारखा सांगा, राखीव दिवसही धरून, आणि पिशवीवर नाव व फोन नंबर लिहा.

स्टेशनची क्लोकरूम: प्रवासाचे तिकीट दाखवावे लागते आणि सामानाला कुलूप लागते. नाडीने आवळायच्या पिशव्यांना कुलूप लावता येत नाही, म्हणून चेन असलेली एक साधी बॅग आणि छोटे कुलूप घरूनच आणा. सहा-सात दिवस ठेवून घेतात का, हे तिथे विचारल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

सामान आणूच नका: नागपूर, जळगाव, संभाजीनगरकडच्या मंडळींनी हेच करावे. चांदवडहून मनमाड अर्ध्या-पाऊण तासावर असताना केवळ एका पिशवीसाठी नाशिकला उलटे यायचे, त्यात फिरण्याचा अर्धा दिवस जातो. एक धुतलेला जोड आणि हलक्या चपला प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सॅकच्या तळाशी टाका. त्याचे वजन एक किलोच्या आत राहते.

सावध: स्वयंपाकाचा गॅस, रॉकेल किंवा स्पिरिट रेल्वेत नेता येत नाही. उरलेले इंधन घेऊन मनमाडला गाडीत चढू नका. शेवटच्या मुक्कामाच्या गावात देऊन टाका.

## ७. आधीचा दिवस: पाय जपा, पोट जपा

सकाळी पोहोचलात तर दुपार आणि संध्याकाळ मिळते. त्यात दोनच ठिकाणे ठेवा.

पांडवलेणी ट्रेकच्या आधी पाहायची. शहरापासून आठेक किलोमीटरवर, मुंबईच्या रस्त्याला. वर जायला पायऱ्या आहेत आणि आज तुमचे गुडघे ताजे आहेत. सातव्या दिवशी याच पायऱ्या उतरताना रेलिंग धरावे लागेल. चोवीस लेणी आहेत, सगळ्यांत सारखा वेळ घालवू नका. तिसरे आणि दहावे नीट पाहा, तिथले खांब आणि शिलालेख थांबून बघण्यासारखे आहेत. दुपारचे ऊन उतरल्यावर जा आणि दिवस मावळायच्या आत खाली या.

मग संध्याकाळी पंचवटी. काळाराम मंदिर, तिथून सीता गुंफा, मग उतरत कपालेश्वर आणि रामकुंड, असा क्रम ठेवलात तर वाट पुन्हा तुडवावी लागत नाही आणि गोदेच्या आरतीला तुम्ही घाटावर असता. सीता गुंफेचे तोंड आणि आतली वाट फार अरुंद आहे. उंच, जाडजूड किंवा गुडघ्याचा त्रास असलेल्या माणसाने बाहेर थांबलेले बरे. पाठीवर सॅक घेऊन तर तिथे जाऊच नका.

ब्रह्मगिरी, अंजनेरी, हरिहर ही नावे या दिवशी नकोत. हरिहरच्या पायऱ्यांचे फोटो पाहून प्रत्येक गटात कुणीतरी ‘सकाळी जाऊन दुपारी येऊ’ म्हणतोच. तो पूर्ण दिवसाचा किल्ला आहे, सुटीच्या दिवशी त्या पायऱ्यांवर वर-खाली जाणाऱ्यांची कोंडी होते आणि तो मन लावून करायचा असेल तर पुढच्या खेपेला एकट्या हरिहरसाठी या.

आता पोटाचे. नाशिकला आलो म्हणजे मिसळ खायचीच, हे मान्य. पण ती ट्रेकच्या नंतर खा. तर्रीची सवय नसलेल्या पोटाला आदल्या दिवशी झणझणीत मिसळ दिली तर दुसऱ्या दिवशी डोंगरात पंचाईत होते आणि पाणी मोजून वापरावे लागते तिथे ती जास्तच जाणवते. आधीच्या रात्री वरण-भात, खिचडी, भाकरी-भाजी असे काही साधे जेवा. भद्रकाली आणि रविवार कारंजा भागात लागतील त्या बारीकसारीक वस्तू मिळतात: दोरी, मेणबत्त्या, बॅटरीचे सेल, सुकामेवा, खजूर, गूळ-शेंगदाणे. या खरेदीला तास-दीड तास धरा.

तपासा, झोपण्याआधी: पाण्याच्या बाटल्या भरल्या? नखे कापली? (वाढलेली नखे उतारावर बुटात घासून काळी पडतात.) सकाळच्या एसटीचे स्थानक आणि वेळ कुणी स्वतः जाऊन विचारली?

## ८. मधला एकच थांबा: सप्तशृंगगड

ट्रेकच्या मध्ये प्रेक्षणीय स्थळे घुसडू नका, असे मी ठामपणे सांगतो. एका ठिकाणी मात्र थांबायलाच हवे. मोहनदरीवरून नांदुरीला आल्यावर गड वाटेवरच आहे. तिथे भक्तनिवास आहे, गरम जेवण आहे, दुकाने आहेत आणि फोन लागतो. दोन-तीन दिवस चालून झाले की शरीर काय म्हणते हे कळायला ही जागा उत्तम आहे.

नांदुरीहून गडापर्यंत घाटरस्ता सुमारे दहा किलोमीटर. या टप्प्यापुरते एसटीत बसण्यात कमीपणा नाही. देवळापर्यंत वर जायला पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत, फ्युनिक्युलर ट्रॉलीही आहे. आज ट्रॉलीच घ्या. जी ताकद वाचते ती उद्या मार्कंड्याला लागणार आहे.

इथे तीन कामे संपवा, मग दर्शन. उरलेल्या दिवसांचा शिधा पुन्हा मोजा. फोन आणि बॅटऱ्या चार्ज करा. आणि सगळ्यांचे पाय बघा, खरोखर मोजे काढायला लावून बघा. कुणाच्या टाचेला कच्चा फोड असेल तर पट्टी आत्ताच लावायची. कुणाचा गुडघा सुजला असेल तर त्याने इथूनच नाशिकला परतावे. रावळ्या-जावळ्याच्या पठारावरून त्याला खाली आणणे फार अवघड आहे. परतणाऱ्यासोबत एक जण द्या आणि पुढे चांदवडला भेटायचे ठरवा. त्याचे नाशिक पाहणे त्या दिवसांत निवांत होऊन जाईल.

सावध: गडावर पूर्ण दिवस घालवू नका. एक रात्र, आणि पहाटे मार्कंड्याकडे.

## ९. उतरल्यावरचा पहिला अर्धा दिवस

चांदवडला पोहोचलात. आता लगेच पुढचे ठिकाण गाठण्याची घाई करू नका. सूर्य वर असेल तर गावातला होळकरांचा रंगमहाल आणि डोंगरातले रेणुकामातेचे देऊळ, एवढेच. रंगमहालात आत सोडतात का हे गावात शिरल्यावर आधी विचारा. नसतील सोडत तर सरळ खोली गाठा.

खोलीवर गेल्यावर आंघोळ, पाय धुऊन कोरडे करणे, आणि बूट उघड्यावर. फोड फुटलेला असेल तर स्वच्छ पाण्याने धुऊन जंतुनाशक मलम आणि पट्टी. पुढच्या दिवशी रामकुंडात किंवा त्र्यंबकच्या कुशावर्त कुंडात स्नान करायचे मनात असेल आणि पायाला उघडी जखम असेल तर पाय पाण्यात घालू नका. हातात पाणी घेऊन डोळ्यांना लावले तरी चालते. हजारो लोकांच्या वापरातले साचलेले पाणी उघड्या जखमेला चांगले नाही.

भरपूर पाणी, ताक, मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी घ्या. द्राक्षमळ्यांतल्या वायनरीचा बेत असेल तर तो आज नको. सहा दिवस घाम गाळलेल्या, पाणी कमी पडलेल्या शरीराला दारू लवकर चढते. एक दिवस जाऊ द्या.

## १०. नंतरचे दिवस: पाय आणि परतीची दिशा पाहून निवडा

लोक ‘नाशिकमधली दहा ठिकाणे’ अशी यादी समोर ठेवून निवडतात. तुम्ही घरी कुठल्या वाटेने जाणार, ते आधी पाहा. जिल्हा मोठा आहे. येवला आणि त्र्यंबक एका दिवसात करायचे म्हणजे दिवसभर गाडीत बसायचे.

मनमाडमार्गे परतणारे: चांदवड-मनमाड-येवला. येवल्यात पैठणी विणणाऱ्यांकडे हातमाग पाहता येतो. जागेवर बसून तास-दोन तास बघत राहावे असे काम आहे ते, आणि चालायचे जवळजवळ नाही. फक्त एक सांगतो, विणकराच्या घरी जाताना खरेदी करणार नसाल तर आधीच तसे सांगा. तो माग थांबवून साड्या उलगडतो तेव्हा त्याचा कामाचा वेळ जात असतो. मनमाडजवळच्या अंकाई-टंकाईचा मोह होईल. पायथ्याजवळची लेणी बघायची असतील तर बघा, किल्ला राहू द्या.

नाशिकमार्गे मुंबईला जाणारे: पहिला दिवस नांदूर मध्यमेश्वरला द्या. निफाड तालुक्यातले हे पक्षी अभयारण्य २०२० साली रामसर यादीत आले, राज्यातले पहिले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच इथला हंगाम आणि हाच तुमचाही. सपाट बांध, निरीक्षण मनोरे, बसून बघायचे. सूर्य उगवताना तिथे असायला हवे, म्हणून भाड्याची गाडी याच दिवशी लावा. एसटीने ही वेळ साधत नाही. निफाडच्या पट्ट्यात थंडी कडक असते, पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. ट्रेकचे स्वेटर-कानटोपी सामानात खाली दाबून टाकू नका. स्थानिक गाइड दुर्बिणीसह मिळतो, त्याला घ्या. त्याच्याशिवाय दूरचे पक्षी नुसते ठिपके दिसतात. दहापर्यंत पाहून होते, मग नाशिकला येऊन मिसळ. मिसळ सकाळचा पदार्थ आहे, चांगल्या जागी दुपारी उशिरा गेलात तर संपलेली असते.

दुसरा दिवस असेल तर त्र्यंबक. नाशिकहून तीसेक किलोमीटर. सोमवार आणि सुटीचे दिवस सोडून, पहाटेच जा. सशुल्क दर्शनाची सोय आहे. तत्त्वाला मुरड घालावी लागत असेल, पण थकलेल्या पायांसाठी तो खर्च मला योग्य वाटतो. देवळात अनवाणी जावे लागते म्हणून जाडसर मोजे सोबत ठेवा. दर्शन, कुशावर्त, निवृत्तिनाथांची समाधी एवढे करून परता. ब्रह्मगिरी खालूनच पाहा.

पुण्याला जाणारे: वाटेत सिन्नर. नाशिकपासून तीसेक किलोमीटर. गोंदेश्वराचे देऊळ मोठ्या मोकळ्या आवारात आहे, चढ नाही, आणि मुख्य देवळाभोवतीच्या चार छोट्या देवळांसह नीट पाहायला दीड-दोन तास हवेत. कोवळ्या उन्हात कोरीवकाम उठून दिसते, म्हणून सकाळी पोहोचा. विनाथांबा गाड्या सिन्नर गावात शिरत नाहीत. तिकीट काढताना ‘सिन्नर स्टँडला थांबते का’ हे विचारा, नाहीतर बाहेरच्या रस्त्यावर सॅकसह उतरावे लागते. पाहून झाले की सिन्नर स्टँडवरूनच पुण्याची पुढची गाडी धरा.

तपासा: एका दिवसात दोनपेक्षा जास्त ठिकाणे लिहिली आहेत का? त्यांतल्या एकाला तरी पायऱ्या किंवा लांब रांग आहे का? दोन्हीला ‘हो’ असेल तर एक ठिकाण काढा.

## ११. राखीव दिवस खर्ची पडला तर

मग फिरण्याच्या यादीतून काय गाळायचे, हे आधीच ठरलेले हवे. थकलेल्या गटात त्या रात्री वाद होतात. गाळण्याचा क्रम असा ठेवा: आधी वायनरी, मग त्र्यंबक, मग येवला. नांदूर मध्यमेश्वर किंवा सिन्नर, जे तुमच्या वाटेवर असेल ते, शेवटपर्यंत राखा. ही दोन्ही ठिकाणे अर्ध्या दिवसात होतात आणि पायांवर ताण देत नाहीत.

आणि धोडपवरूनच ट्रेक सोडावा लागला तर हट्टीला उतरून थेट महामार्गाकडे धावू नका. वाटेतल्या धोडांबे गावात जुनी कोरीव देवळे आहेत. गाडीची वाट पाहताना तास-दीड तास तिथे थांबा, देवळाच्या आवारात सॅक उतरवा आणि मग गावातून वडाळीभोईला जाणारी जीप विचारा. वडाळीभोईला पोहोचलात की सगळ्यांत आधी घरी फोन, मग गाडीवाल्याला. तारीख बदलल्याचे त्याला त्याच दिवशी कळले पाहिजे.